फर्निचर हप्त्यावर घ्यायचं की पैसे साठवून? कोकणात नवीन घर लावताय त्यांच्यासाठी

गणपतीच्या पंधरा-वीस दिवस आधी आमच्याकडे घराघरात एकच विषय असतो. मुंबईची माणसं येणार, हॉलमध्ये प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि आजोबांची वेताची आरामखुर्ची, तीपण मधे फाटलेली, मग कोणीतरी म्हणतं की ह्या वर्षी तरी सोफा घेऊया, आणि दुकानात गेलं की कोपऱ्यात टेबल टाकून फायनान्सचा पोरगा बसलेलाच असतो, आधार-पॅन द्या, दहा मिनिटांत अप्रूव्हल. मी पण असाच गेलो होतो, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला. सोफा, बेड आणि तीन दरवाजांचं कपाट, साठ हजार, पाच हजाराचे बारा हप्ते, एक रुपया व्याज नाही म्हणाला.

आता मी मालवणजवळ दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पैसा येतो तो दिवाळीत, नाताळात आणि मग एप्रिल-मे. सप्टेंबर ते मे हप्ते मस्त गेले, जूनचा कसाबसा गेला आणि जुलैच्या पाच तारखेला खात्यात अठराशे रुपये होते. हप्ता बाऊन्स. फायनान्स कंपनीने पाचशे लावले, बँकेने साडेतीनशे वेगळे कापले. आणि त्याच पावसात कपाटाची खालची फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगून आली, दरवाजाच लागेना. सुतारकाकांना बोलावलं, त्यांनी नखाने जरा खरवडून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो भुसो आसा भुसो, ह्येच्यात इस्क्रू रवाचो नाय." तोवर दोन हप्ते अजून भरायचे होते.

तर हे त्या अनुभवावरून लिहितोय. नवीन लग्न झालेले, बदली होऊन कुडाळ-रत्नागिरीला आलेले शिक्षक, नर्स, बँकवाले, गावचं घर नव्याने बांधून त्यात राहायला आलेले, अशांसाठी. हप्ता म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, मी नंतर एकदा हप्त्यावर घेतलंय आणि ते बरोबर होतं, ते पुढे सांगतो.

पायरी १: आधी महिनाभर घरात नुसतं राहा

हे ऐकून बायको हसली होती पण खरंच सांगतो. रिकाम्या घरात गादी जमिनीवर टाकून, कपडे बॅगेत ठेवून तीन-चार आठवडे काढा आणि कशावाचून अडतं ते लिहून ठेवा. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे लोक अंथरूणच हप्त्यावर आणतात आणि मग कळतं की बेड खिडकीला आडवा येतोय.

कशाला थांबायचं नाही? आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तिला खाली बसता येत नाही, मग कॉट आजच पाहिजे. घरात कोणाला इन्सुलिन आहे, मग फ्रिज आजच पाहिजे. मुलाची दहावी आहे, टेबल-खुर्ची पाहिजे. सोफा, टीव्ही युनिट, ड्रेसिंग टेबल, शोकेस ह्यातलं एकही अडत नाही, ते आपल्याला पाहुण्यांसाठी पाहिजे असतं आणि पाहुणे पाच दिवस राहून जातात. मी हे टोचून बोलत नाहीये, मी स्वतः त्यातलाच.

पायरी २: जुलै महिन्याचा हिशोब काढा

ह्या लेखात एवढं एकच वाचलंत तरी चालेल. हप्ता दर महिन्याला येतो, पण आपल्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. आंबावाल्याचा पैसा मार्च ते मे. मच्छीमाराला जून-जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. वॉटर स्पोर्ट्स जूनपासून ऑगस्टअखेर बंद. रिक्षावाला, खानावळवाला, शहाळी विकणारा, सगळे पर्यटकांवर. आणि खर्च मात्र नेमका जूनमध्ये फुटतो, शाळेच्या फी, वह्यापुस्तकं, कौलं शाकारणं, ताडपत्री, भातलावणीची मजुरी.

आणि गंमत बघा, बारा महिन्यांचा हप्ता तुम्ही कधीही सुरू करा, त्यात एक जुलै येतोच. अठरा महिन्यांचा घेतलात तर दोनही येऊ शकतात. फायनान्सचा पोरगा तुम्हाला पगार किती विचारतो, जुलैत हातात काय उरतं हे तो विचारत नाही, ते आपलं आपण विचारायचं.

म्हणून वहीत गेल्या वर्षीचा जुलै काढा, पासबुक बघून, अंदाजाने नाही. त्या महिन्यात काय आलं, किराणा-लाईटबिल-फी-औषध-आधीचे हप्ते जाऊन काय उरलं. जे उरलं त्याच्या निम्म्यापेक्षा नवा हप्ता जास्त नको. माझ्या बाबतीत उरले होते अडीच हजार आणि मी हप्ता घेतला होता पाच हजाराचा, म्हणजे बघा.

महिन्याचा पगार असलेल्यांना हे लागू नाही असं वाटेल, पण त्यांनी पण एकदा कागदावर काढावं, विशेषतः कंत्राटी नोकरी असेल तर, कारण तिथे पगार लांबतो आणि हप्त्याची तारीख लांबत नाही.

सीझनवर जगणाऱ्याला हप्ता घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपणारा घ्या, सात किंवा आठ महिन्यांचा. सहा आणि नऊच्या स्कीम दुकानात असतात, सात-आठ महिन्यांचं विचारावं लागतं. नाही मिळाला तर सहाचा बघा, हप्ता मोठा बसेल पण पावसाच्या आधी मोकळे व्हाल.

पायरी ३: दुकानात पहिला प्रश्न, "रोख दिले तर किती?"

हप्त्याचं नाव काढायच्या आधी हे विचारा. एकदा का हप्ता बोललात की रोखीचा खरा भाव बाहेर पडत नाही.

माझ्या साठ हजारांचं नंतर कळलं, शेजाऱ्याने तोच सेट रोखीत चोपन्न हजाराला आणला. म्हणजे झिरो टक्के वगैरे काय नव्हतं, रोखीवर जी सहा हजारांची सूट मिळते ती मला मिळाली नाही, तेच ते व्याज. वर ९९९ प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. एकूण मी भरले ६१,१७९ आणि वस्तू चोपन्न हजाराची, ७१७९ जास्त. बाऊन्सचे साडेआठशे आणि सहाशेचा एक विमा, तो पुढे सांगतो, ह्यात धरलेच नाहीत. हे बारा महिन्यांत हळूहळू फेडलं, त्या हिशोबाने वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. रिझर्व्ह बँकेने तर २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतोच, व्याज प्रोसेसिंग फीत लपवून घेतलं जातं.

दुसरी गोष्ट फ्लॅट रेटची. दुकानदार म्हणतो "फक्त बारा टक्के". साठ हजारावर बारा टक्के म्हणजे ७२००, एकूण ६७,२००, महिना ५६००. ऐकायला ठीक वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं ना, सहा महिन्यांनी तुमच्याकडे त्यांचे जेमतेम तीसेक हजार असतात आणि व्याज मात्र पूर्ण साठ हजारावर लावलेलं आहे. खरा दर निघतो साडेएकवीस टक्के. म्हणून "फ्लॅट की रिड्युसिंग", म्हणजे व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर, हा प्रश्न तोंडपाठ ठेवा, समोरचा जरा सरळ बसून बोलायला लागतो.

क्रेडिट कार्डवर घेऊन मिनिमम ड्यू भरत राहणे हा तर विषयच नको. महिना तीन-साडेतीन टक्क्यांच्या वर जातं, वर्षाचे चाळीसच्या घरात.

पायरी ४: जे घेताय ते हप्त्यापेक्षा जास्त टिकेल का

पुण्याच्या माणसाला हा प्रश्न एवढा पडत नसेल, पण आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने ओल. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, वरून सनमायका लावला की फरक कळत नाही. ओळखायचं असेल तर कपाटाच्या मागे जा, जिथे वायरसाठी भोक पाडलेलं असतं किंवा स्क्रू लावलेला असतो तिथली कड बघा. थर दिसले तर प्लाय, दाणे दिसले तर बोर्ड. दुकानदार "इंजिनिअर्ड वुड" म्हणाला तर समजून जा.

प्लायमध्ये पण दोन प्रकार. एमआर म्हणजे दमट हवा थोडीफार सोसणारं, त्यावर आयएस ३०३ असा छाप असतो. किचनला आणि भिंतीला लागून जे ठेवाल त्याला आयएस ७१० वालं घ्या, ज्याला मरीन म्हणतात. भाव जास्त आहे, पण दरवाजा लागतो. लोखंडी कपाट घेतलं तर समुद्राकडच्या खोलीत ठेवू नका, पावडर कोटिंगला एक ओरखडा गेला की तिथून गंज सुरू. कुठलंही कपाट जांभ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची आणि खाली ठोकळे द्यायचे, पावसात भिंत ओल सोडते.

पण माझं मत विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात चांगला रस्ता सुताराचाच आहे, आणि पैशाच्या दृष्टीने पण, कारण सुताराचे पैसे तसेही टप्प्याटप्प्यानेच जातात आणि त्यावर व्याज नसतं. आमच्या बेडचं असं ठरलं होतं, लाकडाचे आधी द्यायचे, सांगाडा उभा राहिला की निम्मी मजुरी, पॉलिश झालं की उरलेली. फणसाचं लाकूड घेतलं, पिवळंधमक असतं आणि वर्षं जातात तसं तांबूस होत जातं, वाळवी सहसा लागत नाही. सागाचे पैसे नसतील तर फणस बघा. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं पण त्याला भुंगा लागतो, सकाळी बेडखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसतो, औषध मारल्याशिवाय घेऊ नका. आणि काम उन्हाळ्यात करून घ्या. पावसात ओल्या फळीचं केलेलं फर्निचर थंडीत सुकतं आणि सांधे उघडे पडतात. सुतार लोकांची तारीख मिळणं हा एक वेगळाच लेख होईल, "येतंय उद्या" म्हणजे गुरुवार पण असू शकतो आणि तुळशीचं लग्न पण.

सेकंडहँड पण बघा. मे-जूनमध्ये सरकारी बदल्या होतात तेव्हा लोक बेड, टेबल, फ्रिज टाकून जातात अक्षरशः. फक्त ऑनलाइन बघत असाल तर "मी आर्मीत आहे, बदली झाली, आधी टोकन टाका" असले फोन आले की सरळ बंद करा. आणि तुम्ही काही विकत असाल तर पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही.

पायरी ५: साठवायचं ठरलं तर कुठे साठवायचं

नोकरी असेल तर बँकेची आरडी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी. वर सांगितलेले पाच हजार हप्त्याऐवजी आरडीत टाकले असते तर अकरा महिन्यांत पंचावन्न हजार, व्याज धरलंच नाही, आणि रोखीचा भाव चोपन्न. म्हणजे हप्ते संपायच्या आधीच सेट घरात आला असता. फरक एवढाच की गणपतीला पाहुणे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले असते. पोस्टाची आरडी चांगली आहे पण ती पाच वर्षांची, फर्निचरसाठी तिकडे जाऊ नका.

सीझनवाल्यांना आरडी पण जाचते, तिथेही जुलै आहेच. आम्ही आता असं करतो, नाताळ संपला की एक छोटी एफडी, मे संपला की एक, जेवढे उरले तेवढ्याची. बांधून घेतलेली रक्कम नाही. एफडी पावती मोडायला बँकेत जावं लागतं एवढा आळस पैसे वाचवायला पुरतो.

भिशी. आमच्या वाडीत दहा बायकांची भिशी आहे, वर्षानुवर्षं चालते, आमचा फ्रिज त्यातूनच आला. ओळखीतली, छोटी, दहा-बारा जणांची असेल तर ठीक, पण अनोळखी माणूस जास्त परतावा देतो म्हणून चालवत असेल तर नको, कागद नसतो आणि पैसे गेले की गेले. पतसंस्थेत ठेव ठेवताना एक माहीत असू द्या, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं ते त्या जोखमीचं. सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका.

पायरी ६: तरी हप्त्यावर घ्यायचं असेल तर

मी म्हटलं ना एकदा बरोबर घेतलं होतं. होमस्टेच्या दुसऱ्या खोलीसाठी दोन बेड आणि गाद्या, ऑक्टोबरमध्ये. रोखीचा आणि हप्त्याचा भाव एकच लिहून घेतला, तिसरा हिस्सा आधी भरला, सात हप्ते, शेवटचा मेमध्ये. ती खोली दिवाळीपासून चालू झाली आणि खोलीनेच हप्ता भरला. वस्तू पैसे कमावणार असेल, नाहीतर तिच्यावाचून खरंच अडत असेल, तर हप्ता ठीक आहे.

सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च लिहिलेला कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल कर्जाला, म्हणजे आपल्यासारख्यांनी स्वतःसाठी घेतलेल्या कर्जाला, ते देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज, फी सगळं धरून वर्षाचा खरा दर, बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचा. आणि त्यातच बघा की तुम्ही न मागितलेला विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, कार्डाची वार्षिक फी असलं काय घुसवलंय का. माझ्या पहिल्या कर्जात सहाशे रुपयांचा कसलातरी विमा होता, आजपर्यंत कळलं नाही कशाचा. मुदतीआधी पूर्ण फेडलं तर किती चार्ज लागतो तेही त्यातच.

मोबाईल अ‍ॅपवरून कर्ज घेतलं आणि घरी येऊन पश्चात्ताप झाला तर कूलिंग ऑफची मुदत असते, तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न भरता बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी तेवढी जाऊ शकते. ही मुदत एखाद्याच दिवसाची पण असू शकते, त्यामुळे विचार करायला पुढच्या रविवारची वाट बघू नका.

हप्त्याची तारीख स्वतः निवडा, खात्यात पैसे येतात त्याच्या तीन-चार दिवस नंतरची. आणि खात्यात एक हप्ता कायम जास्तीचा पडून राहू द्या, त्याला हात लावायचा नाही, तो जुलैचा.

दुसऱ्यासाठी कर्ज काढू नका. "तुझा सिबिल चांगला आहे, तुझ्या नावावर घेतो, हप्ते मी भरतो" असं भावोजी म्हणाले तरी. हप्ता त्यांनी चुकवला तरी रिपोर्ट तुमचा खराब होतो आणि उद्या घराच्या कर्जाला बँकवाला तुमच्याकडे बघतो.

पायरी ७: गडबड झाली तर

वस्तू खराब निघाली म्हणून रागाने हप्ता थांबवू नका. मी तोच विचार करत होतो. कर्ज फायनान्स कंपनीचं, कपाट दुकानाचं, दोन वेगळे व्यवहार. हप्ता भरत राहायचा आणि दुकानाशी वेगळं भांडायचं, फोटो, बिल, वॉरंटी कार्ड घेऊन. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फायनान्स कंपनीशी वाद असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, माहितीसाठी १४४४८. हप्ता चुकला तर दंड लावतात तो लावू शकतात, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही, स्टेटमेंटमध्ये तसं दिसलं तर विचारा. वसुलीवाला घरी येऊन दमदाटी करायला लागला तर त्याचं नाव, वेळ लिहून ठेवा, ते तक्रारीत लागतं.

पुराचं पण सांगतो, कारण लोक हे धरतच नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा माझ्या मावसबहिणीचा सोफा, दिवाण, फ्रिज सगळं चिखलात गेलं. सोफा चार महिन्यांपूर्वी घेतलेला. चिखल उपसून झाल्यावर तिने सोफा रस्त्यावरच्या ढिगात नेऊन टाकला आणि पुढच्या महिन्यात त्याचा हप्ता खात्यातून गेला. नदीकाठी, खाडीकाठी राहत असाल तर घराचा विमा बघा, भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, पूर-वादळ त्यात येतं आणि इमारतीच्या विम्याच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाख, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. भाड्याच्या घरात असाल तर नुसत्या सामानाचा पण काढता येतो.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं समजू नका. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, मागून घ्या, बँकेतलं ऑटो डेबिटचं मँडेट बंद झालं का बघा, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टमध्ये ते कपाटाचं कर्ज फेडून वर्ष झालं तरी चालूच दाखवत होतं. एनओसी जोडून ब्युरोच्या वेबसाइटवर तक्रार टाकली, मग बंद झालं. कपाट तोवर मांगरात गेलं होतं, त्याच्या दोन दरवाजांवर आता सोलं सुकवतो.